रानातले मूल

दिवस मावळला म्हणजे भिवंडी शहर झोपी जाते असे नाही. यंत्रमागांचा खडखडाट रात्रपाळीतही चालू राहतो. कांडीवरचे सूत उलगडत जाते, धोटा इकडून तिकडे धावतो आणि दिव्यांच्या लखलखाटात कापडाचे ताग्यामागून तागे तयार होतात. शहराबाहेरच्या गोदामांपुढे मालमोटारी उभ्या असतात आणि मुंबई-आग्रा मार्गावरून त्यांची ये-जा उजाडेपर्यंत चालू असते. रात्री काम करावे आणि दिवसा विश्रांती घ्यावी, हा क्रम येथील हजारो कामगारांच्या अंगवळणी पडला आहे.

भिवंडीच्या पश्चिमेस तुंगारेश्वराचे डोंगर आहेत. त्यांच्यावर अंधार पसरू लागला म्हणजे तेथील रानातही पाळी बदलते. दिवसभर किलबिलणारे पक्षी घरट्यांत शिरतात. घुबडे, वटवाघळे आणि उदमांजरे आपापल्या जागा सोडून बाहेर पडतात. दिवसपाळी आणि रात्रपाळी हा भेद केवळ कारखान्यातच असतो असे नव्हे. एकाच रानात, एकाच झाडावर, दोन निरनिराळ्या वेळी दोन निरनिराळ्या प्राण्यांना पोट भरता यावे, अशी ही निसर्गाची योजना आहे.

भिवंडीपासून दक्षिणेकडे निघून सह्याद्रीच्या कडेकडेने गोव्यापर्यंत गेले, म्हणजे रानाच्या या रात्रपाळीत एक विलक्षण प्राणी सामील झालेला आढळतो. त्याचे नाव लोरिस. गोव्याच्या पूर्व सीमेवरील घनदाट जंगलांत आणि तेथून पुढे कर्नाटक, केरळ व तामिळनाडू या राज्यांतील रानांत त्याची वस्ती आहे. आपल्या शेजारचे श्रीलंका बेट हेही त्याचे घरच होय. या देशांबाहेर जगात दुसरीकडे कोठेही हा सडपातळ लोरिस रानात राहत नाही. तरीही ज्यांच्या घराशेजारी तो राहतो, अशा लोकांपैकीही फार थोड्यांनी त्याला पाहिलेले असते.

लोरिसला पाहिल्यावर प्रथम लक्ष वेधून घेतात ते त्याचे डोळे. एवढ्याशा चेहऱ्यावर ते इतके मोठे असतात की, बाकीचा चेहरा त्यांच्यापुढे नाहीसा झाल्यासारखा वाटतो. डोळ्यांभोवती गडद तपकिरी वर्तुळे असतात व त्या दोहोंच्या मधून कपाळापासून नाकापर्यंत एक पांढुरका पट्टा उतरतो. कान पातळ व गोल असतात. शरीराची लांबी साधारण एका वितीएवढी. वजन पाव किलोच्या आसपास. शेपूट दिसतच नाही. हातपाय मात्र शरीराच्या मानाने लांब आणि काटक्यांसारखे बारीक असतात. अंगावर मऊ, दाट लोकर असते. दमट जंगलातील लोरिस तांबूस तपकिरी रंगाचे व लहान चणीचे असतात. पूर्वेकडील कोरड्या, काटेरी रानांतील लोरिस करड्या रंगाचे व काहीसे मोठे असतात.

हे रूप पाहून निरनिराळ्या प्रांतांतील लोकांनी त्याला निरनिराळी नावे दिली. गोव्यात त्याला 'वनमनीस' म्हणतात. म्हणजे रानातला माणूस. कन्नड भाषेत त्याचे नाव 'काडुपापा' असे आहे. 'काडु' म्हणजे रान आणि 'पापा' म्हणजे तान्हे मूल. रानातले मूल! हे नाव ज्याने प्रथम उच्चारले असेल, त्याला या प्राण्याकडे पाहून भीती वाटली नसावी, मायाच वाटली असावी. परंतु या एकाच प्राण्याच्या वाट्याला माया आणि भीती या दोन्ही गोष्टी आल्या आहेत, आणि त्यांपैकी भीतीनेच त्याचे अधिक नुकसान केले आहे.

लोरिस हा माणूस, माकडे व वानर यांच्याच मोठ्या गटातील प्राणी आहे. या गटाला नरवानर गण असे म्हणतात. त्याच्या हाताला आपल्यासारखाच अंगठा असतो व तो इतर बोटांच्या समोर आणता येतो. मात्र त्याचे अधिक जवळचे नाते आहे ते मादागास्कर बेटावरील लेमूर या प्राण्यांशी. लेमूर आणि लोरिस या दोघांचेही नाक कुत्र्याच्या नाकासारखे ओलसर असते. दोघांचेही खालचे पुढचे दात फणीच्या दात्यांसारखे पुढे आलेले असतात. त्या फणीने ते आपली लोकर विंचरतात. दोघांच्याही पायाच्या दुसऱ्या बोटाला नखाऐवजी नखर असतो. अंग खाजविण्यासाठी व स्वच्छ करण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

या दोघांच्या नावांची कथाही मनोरंजक आहे. अठराव्या शतकात स्वीडन देशात लिनीअस नावाचा थोर शास्त्रज्ञ होऊन गेला. जगातील सर्व वनस्पती व प्राणी यांना शिस्तशीर नावे देण्याचे प्रचंड काम त्याने हाती घेतले होते. त्याच्यापुढे लोरिसचा नमुना आला, तेव्हा रात्रीच्या वेळी संथ पावलांनी हिंडणाऱ्या या प्राण्याला त्याने 'लेमूर' हे नाव दिले. प्राचीन रोमन लोक रात्री भटकणाऱ्या मृतात्म्यांना 'लेमुरेस' म्हणत; त्यावरून त्याला हा शब्द सुचला. १७५८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लोरिसचे नाव 'लेमूर टार्डिग्रेडस', म्हणजे मंद चालीचा लेमूर, असे नोंदविलेले आहे. पुढे १७९६ मध्ये लोरिससाठी वेगळी प्रजाती मानण्यात आली आणि 'लेमूर' हे नाव मादागास्करच्या प्राण्यांकडे राहिले. अशा रीतीने जे नाव प्रथम आपल्याकडील प्राण्याला मिळाले होते, ते समुद्रापलीकडे गेले.

लिनीअसने नाव दिले ते केवळ लोरिसच्या रात्रीच्या वावरावरून आणि संथ चालीवरून. रानात भुते हिंडतात असे त्याला मुळीच सुचवावयाचे नव्हते. लोरिसच्या अंगी जे जे गूढ वाटते, त्या प्रत्येकाला साधे व समजण्याजोगे कारण आहे. ती कारणे पाहिली म्हणजे भीतीची जागा कुतूहल घेते.

प्रथम त्याचे डोळे घ्या. अंधारात उजेड फार थोडा असतो. तो थोडाच उजेड अधिकात अधिक आत घेता यावा म्हणून डोळे मोठे असतात. त्यांच्या आत, पडद्याच्या मागे, आरशासारखा चकाकणारा एक थर असतो. आत आलेला प्रकाश या थरावर आपटून पुन्हा पडद्यावर येतो व एकाच किरणाचा दोनदा उपयोग होतो. म्हणूनच लोरिसवर विजेरीचा झोत पडला की त्याचे डोळे निखाऱ्यांसारखे चमकतात. मांजराचे व गुराढोरांचे डोळे रात्री चमकतात, त्याचेही कारण असेच आहे. झाडात निखारे पेटलेले पाहून एखादा वाटसरू घाबरत असेल. परंतु ते निखारे म्हणजे त्याच्याच दिव्याचा परतलेला प्रकाश असतो.

आता त्याची चाल पाहा. लोरिस उडी मारत नाही. माकडाला एका फांदीवरून दुसरीवर झेप घेता येते. लोरिसला ते जमत नाही. तो एक हात पुढे करतो, फांदी घट्ट धरतो, मग दुसरा पाय उचलतो. अशा रीतीने निदान एक तरी पकड कायम ठेवून तो फांद्यांवरून, वेलींवरून व काटेरी झुडुपांतून पुढे सरकत राहतो. कोठे धोक्याची चाहूल लागली की जागच्या जागी थिजून उभा राहतो आणि तसाच बराच वेळ राहू शकतो. फांदी धरून इतका वेळ राहिल्याने आपले हात भरून आले असते. लोरिसच्या हातापायांतील रक्तवाहिन्यांची मात्र बारीक जाळीसारखी विशेष रचना असते, आणि त्यामुळे त्याची पकड दीर्घकाळ टिकते, असे शास्त्रज्ञ मानतात. प्रसंग पडल्यास तो भराभर चालूही शकतो; परंतु त्याचे खरे संरक्षण वेगात नसून निश्चलपणात आहे. जो हालत नाही, तो अंधारात शत्रूला दिसत नाही.

त्याच्या अन्नातही हा संथपणा उपयोगी पडतो. लोरिस मुख्यतः कीटकभक्षक आहे. मुंग्या, वाळवी, भुंगे, पतंग, कोळी हे त्याचे नेहमीचे खाद्य. कधी एखादी लहान पाल किंवा झाडाचा डिंकही तो खातो. कीटकाच्या अगदी जवळ निःशब्दपणे जाऊन तो एकाएकी हात पुढे करतो आणि त्याला मुठीत पकडतो. ज्या किड्यांना उग्र वास येतो किंवा ज्यांच्या अंगी विष असते, अशा किड्यांनाही तो सोडत नाही. त्याच्या शरीराचे सर्व व्यवहार मंद गतीने चालतात. त्यामुळे थोड्या अन्नावरही त्याचा निर्वाह होतो. शेताच्या बांधावरील झाडाझुडुपांत राहणारा लोरिस पिकांवरच्या किडीही खातो. म्हणजे ज्या शेतकऱ्याला त्याचे नावही ठाऊक नसते, त्याच्या शेताची राखण तो रात्रभर करीत असतो.

पहाटेची चाहूल लागली की लोरिस गर्द काटेरी जाळीत किंवा वेलींच्या गुंत्यात शिरतो, डोके दोन्ही मांड्यांमध्ये घालतो आणि अंगाचा गोळा करून झोपी जातो. कित्येकदा दोन-तीन लोरिस एकमेकांना बिलगून झोपतात. रात्र पडताच ते शीळ घातल्यासारखा आवाज काढून एकमेकांना साद देतात व आपापल्या दिशेने खाद्य शोधावयास निघतात.

मादी सुमारे साडेपाच महिने गर्भ वाहते आणि एका वेळी एक किंवा दोन पिलांना जन्म देते. पहिले काही आठवडे पिलू आईच्या पोटाला चिकटून तिच्याबरोबर हिंडते. ते थोडे मोठे झाले म्हणजे आई सायंकाळी त्याला एखाद्या फांदीवर बसवून खाद्य शोधण्यासाठी निघून जाते. पिलू ती फांदी दोन्ही हातांनी घट्ट धरून तेथेच थांबते. रात्री आई परत येते, त्याला दूध पाजते व पुन्हा आपल्या कामाला जाते. त्या काळोखात पिलाला एकच गोष्ट ठाऊक असते : आईने जेथे ठेवले तेथून हलावयाचे नाही. ती फांदी दिवसा कोणी तोडली, तर त्यात किती मोठा अनर्थ आहे, हे येथे वेगळे सांगावयास नको.

अशा या निरुपद्रवी प्राण्यावर संकटे कोणती? त्यांतील सर्वांत जुने संकट म्हणजे अंधश्रद्धा. ज्या डोळ्यांनी लोरिस अंधारात आपले अन्न शोधतो, तेच डोळे त्याच्या जिवावर उठले. लोरिसच्या डोळ्यांपासून औषध होते, त्याच्या अवयवांनी करणी करता येते किंवा उतरविता येते, अशा खुळ्या समजुती दक्षिण भारतात व श्रीलंकेत दीर्घकाळ चालत आल्या. त्यांपायी कित्येक लोरिस पकडले गेले, त्यांचे हाल झाले आणि ते मारले गेले. काही भविष्य सांगणारे त्याला पिंजऱ्यात ठेवून त्याच्याकडून पत्ते उचलवीत. कोणी तो दिसणे अपशकुन मानून त्याला दगड मारतात. तर कोणी त्याचे बालकासारखे रूप पाहून त्याला घरी पाळू पाहतात. या सर्वांचा शेवट एकच होतो. दिवसाच्या उजेडात, माणसांच्या गलक्यात आणि चुकीच्या अन्नावर हा प्राणी झुरत जातो.

लोरिसच्या डोळ्यांत औषध नाही, हे विज्ञानाने समजते. परंतु अंधश्रद्धा केवळ समजल्याने जात नाही. एखाद्या आजारी मुलाच्या आईला कोणी सांगितले की, अमुक प्राण्याच्या डोळ्यांनी मूल बरे होईल, तर त्या व्याकुळ मनःस्थितीत ती विश्वास ठेवण्याचा संभव असतो. अशा वेळी गावात दवाखाना असणे, त्यावर लोकांचा भरवसा असणे आणि शाळेत शिकलेल्या मुलाने घरी समजुतीचे दोन शब्द सांगणे, या गोष्टींनी रानातला प्राणी वाचतो. रानाचे रक्षण पुष्कळदा असे रानाबाहेरच सुरू होते.

दुसरे संकट नवे आहे व ते कोणाच्याही दुष्टपणातून आलेले नाही. लोरिसला उडी मारता येत नाही, हे आपण पाहिलेच. झाडाची फांदी शेजारच्या झाडाच्या फांदीला टेकलेली असेल, तरच तो पुढे जाऊ शकतो. रानातून एक रुंद रस्ता गेला की दोन्ही बाजूंच्या फांद्यांमध्ये अंतर पडते. माणसाच्या दृष्टीने ते अंतर वीस-पंचवीस पावलांचे असते. लोरिसच्या दृष्टीने मात्र ती एक दरीच होय. मग तो भीतभीत जमिनीवर उतरतो व संथ गतीने रस्ता ओलांडू लागतो. मोटारीच्या दिव्याचा झोत डोळ्यांवर आला म्हणजे आपल्या सवयीप्रमाणे तो थिजून उभा राहतो. लाखो वर्षे ज्या सवयीने त्याला घुबडापासून व मांजरापासून वाचविले, तीच सवय रस्त्यावर त्याचा घात करते. काही वेळा विजेची तार त्याला वेलीसारखी वाटते आणि तिला धरताच तो प्राणास मुकतो.

या प्रश्नाचे अवघड रूप गोव्यात दिसून आले. गोव्याच्या पूर्वेस मोले येथे भगवान महावीर अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर असून तेथे लोरिसची वस्ती आहे. या परिसरातून रेल्वेचा दुसरा मार्ग, रुंद महामार्ग आणि विजेची नवी वाहिनी नेण्याच्या योजना पुढे आल्या, तेव्हा २०२० साली गोव्यात त्यांवर मोठा वाद उत्पन्न झाला. वीज हवी, दळणवळण हवे, असे एक बाजू म्हणत होती. विद्यार्थी, शास्त्रज्ञ, कलावंत व सामान्य नागरिक यांनी रानाची बाजू मांडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने रेल्वेच्या दुसऱ्या मार्गाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली.

या वादात एक बाजू सर्वस्वी चूक होती, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते पुरेसे नाही. भिवंडीचे माग विजेवर चालतात. मागावरचा कापड विणणारा कामगार, दिव्याखाली अभ्यास करणारा मुलगा, दवाखान्यातील रुग्ण या सर्वांना वीज हवी असते, आणि ती दूरच्या प्रदेशांतून तारांवाटेच येते. म्हणून रस्ता नको किंवा तार नको, असे सरसकट म्हणता येत नाही. विचारावयाचे ते इतकेच की, ती तार रानाला वळसा घालून नेता येईल काय? जुन्या मार्गानेच काम भागेल काय? रस्ता करावाच लागला, तर झाडांच्या फांद्या वरच्यावर एकमेकींना भेटत राहतील, अशी सोय करता येईल काय? तामिळनाडूत वालपराई येथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना जोडणारे टांगते पूल सिंहपुच्छ वानरांसाठी बांधले आहेत आणि ते वानर त्यांवरून ये-जा करतात. थोडी कल्पकता व थोडा खर्च केला, तर रान आणि रस्ता यांचे वैर कमी करता येते, हे त्यावरून दिसते.

लोरिसच्या रक्षणासाठी कायदाही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वाघ व हत्ती यांना जो सर्वोच्च दर्जा दिला आहे, तोच या पाव किलो वजनाच्या प्राण्यालाही दिला आहे. त्याला पकडणे, पाळणे, विकणे किंवा मारणे हा गुन्हा असून त्याबद्दल तीन ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तामिळनाडू सरकारने याही पुढे एक पाऊल टाकले. ऑक्टोबर २०२२ मध्ये करूर व दिंडिगल या जिल्ह्यांतील ११,८०६ हेक्टर रान केवळ लोरिससाठी म्हणून राखीव करण्यात आले. त्याचे नाव कडवूर लोरिस अभयारण्य. लोरिससाठी राखलेले हे भारतातील पहिलेच अभयारण्य होय. हे रान कोरडे व काटेरी आहे. उंच वृक्षांनी भरलेले जंगल तेवढेच मोलाचे आणि काटेरी माळ म्हणजे पडीक जमीन, असे मानण्याची आपल्याला सवय असते. ती सवय चुकीची आहे, हे कडवूरने दाखविले.

ज्याचे रक्षण करावयाचे, त्याचे ज्ञान आधी हवे. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये भारतातील सस्तन प्राण्यांच्या पाहणीचे मोठे काम सुरू केले. मुंबई इलाख्याच्या वनखात्यात नोकरी केलेल्या राउटन या अधिकाऱ्याने त्या प्राण्यांच्या अभ्यासात पुष्कळ परिश्रम घेतले. सह्याद्रीच्या दमट जंगलांतील तांबूस लोरिसला १९१७ साली शास्त्रीय नाव दिले ते त्यानेच. आज अभ्यासक रात्रीच्या वेळी रानवाटांनी पायी हिंडतात. त्यांच्या कपाळावरील दिव्याला तांबडी काच किंवा कागद लावलेला असतो; कारण तांबड्या प्रकाशाचा निशाचर प्राण्यांना फारसा त्रास होत नाही. अंधारात नारिंगी चमकणारे दोन ठिपके दिसले की ते थांबतात, जागा व वेळ टिपून घेतात आणि आवाज न करता पुढे जातात. अशा शेकडो रात्रींच्या नोंदींतून या प्राण्याचे जीवन हळूहळू समजत गेले आहे. बंगळूरसारख्या गजबजलेल्या शहरातही भारतीय विज्ञान संस्थेच्या वृक्षाच्छादित आवारात लोरिस आढळतो. मोठ्या शहरानेही आपल्या पोटात थोडे रान आणि थोडा अंधार जपला, तर तेथे काय राहू शकते, याचे ते जिवंत उदाहरण आहे.

सामान्य माणसाला यात काय करता येईल? रानात किंवा शेताच्या कडेला निशाचर प्राणी दिसला, तर त्याच्यावर दिवा रोखून ठेवू नये. त्याच्याभोवती गर्दी करू नये व त्याला हात लावू नये. तो जखमी असेल, तर वनखात्यास ताबडतोब कळवावे. बांधावरील काटेरी कुंपण व जुनी झाडे शक्य तोवर राखावीत. डोंगरावर सहलीस गेल्यावर रात्री ध्वनिक्षेपक लावू नयेत व वणवा पेटेल असे काही करू नये. आणि कोणी एखाद्या प्राण्याच्या डोळ्यांत, नखांत किंवा हाडांत जादू असल्याचे सांगू लागला, तर ते ऐकून गप्प बसू नये; ते खोटे आहे असे नम्रपणे, परंतु स्पष्टपणे सांगावे.

भिवंडीत लोरिस पाहावयास मिळणार नाही. परंतु तुंगारेश्वराच्या रानात घुबडे आहेत, वटवाघळे आहेत, उदमांजरे आहेत. त्यांच्याविषयीही अपशकुनाच्या व भुताखेतांच्या कथा सांगितल्या जातात, आणि त्यांनाही तोच अंधार व तीच झाडे हवी असतात. दूरच्या काडुपापाविषयी जे शिकावयाचे, ते या जवळच्या शेजाऱ्यांनाही लागू पडते.

रात्रपाळी संपवून कामगार घरी परततो, तेव्हा पूर्व दिशा उजळू लागलेली असते. घरातील माणसे त्याच्यासाठी खिडकी लावून घेतात, मुलांना हळू बोलावयास सांगतात आणि त्याला शांतपणे झोपू देतात. त्याच वेळी दूर दक्षिणेकडच्या रानात एक चिमुकला प्राणी रात्रभराचे काम संपवून काटेरी जाळीत शिरत असतो. ती जाळी त्याच्यासाठी तशीच राहू देणे, एवढेच त्याचे माणसाकडे मागणे आहे.